आज पाळी कोणाची?

मी एक जुनी काठवट आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी काहींनी मला पाहिलेही नसेल. ज्वारीचे पीठ मळायची लाकडी परात म्हणजे काठवट. माकणीच्या एका सुताराने मला कडुलिंबाच्या खोडातून कोरले आणि मी खातूनबीच्या घरी आले. तिचे पती बाबामियाँ तेव्हा फार दारू पीत. पुढे त्यांची दारू सुटली. मग दारू सोडू पाहणाऱ्या माणसांना राहता यावे म्हणून त्यांनी लोहाऱ्याजवळ एक घर काढले. खातूनबीने मला तिकडे पाठवले. म्हणाली, "माझं मळून झालं. आता तुमी मळा."

पण तिथे स्वयंपाकाला पार्वतम्मा होती आणि तिच्याकडे स्टीलची परात होती. मी अंगणातल्या पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून पडून राहिले. उन्हाने मला तडा गेला. माणसेही दिवसभर खाटेवर पडून छताकडे बघत. फाटकाला कुलूप असे, तरी दर आठवड्याला कोणीतरी भिंतीवरून उडी मारून जाईच.

एकदा पार्वतम्मा लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि सगळे उपाशी बसले. तेव्हा बाबामियाँनी माझ्या तड्यावर पत्र्याची पट्टी ठोकली आणि भाकरीच्या पाळ्या लावल्या. फाटकाचे कुलूपही काढून टाकले. नियम एकच ठेवला. ज्याला जायचे त्याने खुशाल जावे, पण आपली पाळी दुसऱ्याच्या हाती सोपवून जावे.

तामलवाडीच्या ज्ञानोबाला येऊन तेवीस दिवस झाले होते. त्याची बायको कडूबाई माहेरी होती. "तीन महिने तिथं काढा, मग मी नांदायला येते," असे तिने निक्षून सांगितले होते. तरी एका सकाळी ज्ञानोबाने पिशवी भरली.

"घरी काम निघालंय," तो म्हणाला. घरी तर कोणीच नव्हते. काम कसले, ते सगळ्यांनी ओळखले.

"आज पाळी कुणाची?" बाबामियाँनी विचारले.

"माझीच. आसिफ करील."

"काल लई ऐटीत भाकरी फुगवली, अन् बोटंच फुगली!" आसिफने भाजलेला हात दाखवला.

बाकीच्यांच्या पाळ्या होऊन गेल्या होत्या. उरला इंद्रजित. तो आठच दिवसांपूर्वी आलेला. "मला कुठं येतंय? तुमीच शिकवतो म्हणला व्हता."

"मग शिक लवकर. माझी गावाकडची जीप येईल," ज्ञानोबा म्हणाला.

इंद्रजितने माझ्यात पीठ घेतले आणि सरळ थंड पाणी ओतले.

"आरं, काय केलंस! कढत पाणी लागतंय. अशानं थापताना फाटती." ज्ञानोबाने पिशवी खाली ठेवली, नवे पीठ घेतले आणि हात घातले. बाहेर हॉर्न वाजला. हात थांबले. मग जीप निघून गेल्याचा आवाज आला.

"गेली की!" इंद्रजित म्हणाला.

"जाऊ दे. तू तळहात ओला कर."

बाबामियाँनी उपदेश केला नाही. "बाराला दुसरी हाय," एवढेच म्हणाले.

इंद्रजितच्या पहिल्या भाकरी पाहून आसिफ म्हणाला, "हा कर्नाटक, हा तेलंगणा. गोल काय येत न्हाय!" ज्ञानोबा पहिल्यांदा हसला.

बाराचा हॉर्न वाजला तेव्हा सगळे जेवत होते. सगळ्यांचे घास हातातच राहिले. ज्ञानोबाने फाटकाकडे पाहिले. मग ओरडला, "जा बाबा पुढं! मी जेवतोय."

मित्रांनो, माझा जीव केवढा भांड्यात पडला!

तीन महिने पुरे झाले तेव्हा कडूबाई त्याला न्यायला आली. त्याच्या हातची भाकरी मोडत म्हणाली, "घरी कधी पाण्याचा तांब्या भरून न्हाय घेतला, अन् इथं भाकऱ्या!" आणि तिने आणखी एक मागून घेतली. ज्ञानोबा आजही महिन्यातून एकदा येतो, नव्या माणसांना भाकरी शिकवतो.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी असेल, तर तिला धुऊन सावलीत ठेवा. तडा गेला तरी टाकू नका, पट्टी लावा. आणि तुमच्या घरी कोणी बरे होऊ पाहत असेल, तर त्याला रोज एक खरे काम सांगा. मग त्याने केलेली भाकरी वेडीवाकडी असली, तरी शेजारी बसून खा.