परीक्षितचे गार रेडिएटर

"तुझे रेडिएटर गरम झाले ना, तर मी बनियन-लुंगीवर सगळ्या गल्लीचे कचऱ्याचे बिन्स बाहेर काढीन," मी शेजारच्या परीक्षितला म्हटलं. "नाही झाले, तर तू!"

"डन, दीनूदादा. लुंगीला इस्त्री करून ठेव."

लीड्सच्या जानेवारीत ही पैज. पठ्ठ्याने यूट्यूब बघून नवे रेडिएटर स्वतः बसवलेले. मी जिंकणार, हे मी गल्लीभर सांगूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन. "दादा, लगेच ये." आवाजात हसू नव्हतं.

घर नुसतं बर्फ. त्याची बायको चैत्राली हॉस्पिटलात बाळाला गुंडाळून निघायच्या तयारीत. बाळ फार लवकर जन्मलेलं, इवलंसं. आज पहिल्यांदा घरी येणार. पण नर्सने बजावलेलं, खोली उबदार नसेल तर सोडणार नाही.

"माझ्याकडे आणा," म्हटलं आणि जीभ चावली. आमच्या हिला, नीनाला, फ्लू. दुकानांतले हीटर संपलेले. प्लंबर म्हणाला, सोमवारी.

परीक्षित गुडघ्यांवर बसून रेडिएटरची हवा सोडत होता. हवा कसली, पाणीच येत होतं. व्हॉल्व्ह उघडे, प्रेशर बरोबर, तरी बॉयलर ढिम्म.

फोन वाजला. चैत्राली. त्याने उचलला नाही.

"अरे, उचल की!"

"काय सांगू? अजून एक रात्र थांब म्हणू? ती रडेल दादा."

मी बॉयलरकडे वळलो. "थर्मोस्टॅट कुठंय?"

"बाळाच्या खोलीत. बावीसवर ठेवलाय."

वर गेलो. खोलीची ऊब मोजून बॉयलर चालू-बंद करणारा तो बिनतारी डबा तिथे नव्हता. घर धुंडाळलं. शेवटी किचनमध्ये परीक्षितची आई, सुहासिनीकाकू, जप करत बसलेल्या. देवघरात समईला खेटून थर्मोस्टॅट! त्याला हळदकुंकू, वर फूल. आकडा एकोणतीस. त्याच्या मते घर भाजत होतं, तो कशाला बॉयलर पेटवतोय!

"नवी वस्तू ना, काल देवापुढे ठेवली," काकू म्हणाल्या. मग माझं तोंड बघून त्यांचा चेहराच उतरला. "माझ्यामुळे का रे?"

"छे हो काकू! तुमचा जप चालू द्या."

थर्मोस्टॅट उचलून गुपचूप बाळाच्या खोलीत नेला. आकडा उतरेना. मी फुंकर घालतोय, खिडकीशी धरतोय. सव्वीस. चोवीस. खाली फोन पुन्हा वाजायला लागला. बावीस. एकवीस.

खाली बॉयलर भस्सकन पेटला. पाइप कटकटले.

परीक्षित धावत वर आला, रेडिएटरला तळवा टेकवून तिथेच फतकल मारून बसला. "काय केलंस रे?"

"व्हॉल्व्हला शिव्या घातल्या. उचल तो फोन आधी!"

बिन्सच्या दिवशी सकाळी रस्ता गोठलेला. गल्ली मोबाइल रोखून दारांत उभी. खिडकीत चैत्राली, कुशीत बाळ. मी एका हाताने लुंगी सावरत, कुडकुडत बिन ओढतोय.

काकू चपला घालून बाहेर आल्या आणि माझ्या खांद्यावर शाल टाकली.

"आई, हे नियमात नाही!" परीक्षित ओरडला.

"तू गप रे," म्हणत काकूंनी पदर खोचला आणि पुढचा बिन स्वतःच ओढायला घेतला.