फक्त दिशा द्या

ओलावारिया गावच्या विमान-क्लबात दर शनिवारी दुपारी युद्ध व्हायचं आणि ते उरकलं की सगळे मिळून चोरिसो, म्हणजे मसालेदार सॉसेजं, भाजायचे. विमानं संगणकातली, वैमानिक गावातलेच: एक दातांचा डॉक्टर, सिमेंट कारखान्यातला तानो आणि या टोळीचा म्होरक्या नाहुएल. हॉलच्या मधोमध पडदा टाकायचा. अलीकडे हल्ला करणारे, पलीकडे बेट राखणारे. आज पलीकडे नाहुएलचे वडील बसले होते. रोहेलियो इतुराल्दे, माल्विनास बेटांच्या युद्धात खरंखुरं रडार चालवलेला माणूस.

रोहेलियोला खरं तर यायचंच नव्हतं. पण बायको गेल्यापासून पोरगा आपणहून काही मागतोय, याचंच त्याला अप्रूप वाटलं. "ये ना बाबा, एकदा मला हरवून तर दाखव," नाहुएल म्हणाला आणि म्हातारा विरघळला. बापाची जात, दुसरं काय!

नाहुएलच्या विमानाला जवळच्या पल्ल्याची छोटी क्षेपणास्त्रं होती. रडारच्या लहरींचा माग काढत ती थेट रडारवरच येऊन पडायची. रडार बंद केलं की आंधळी व्हायची. पण रडार बंदच ठेवलं तर विमानं दिसणार कशी? म्हणून क्षणभर चालू करायचं, पाहून घ्यायचं, लगेच बंद. वेळ संपेपर्यंत रडार टिकलं की रोहेलियो जिंकला.

आणि त्यानं पोरांच्या नाकी नऊ आणले. पहिलं क्षेपणास्त्र समुद्रात गेलं, दुसरं डोंगरात.

"काका, म्हाताऱ्या माणसानं इतकं चपळ असू नये हो!" पडद्याआडून तानो ओरडला.

"तू गप, आधी विमान सांभाळ स्वतःचं!"

रोहेलियोला मजा येत होती. त्या बेटावरची कुठलीही गोष्ट करताना आपल्याला हसू येईल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

नाहुएलकडे आता एकच क्षेपणास्त्र उरलं होतं. वेळही संपत आली होती. तेवढ्यात दोन्ही बाजूंना ऐकू जाणाऱ्या संकटाच्या वाहिनीवर एक दबका आवाज आला.

"कोणी ऐकतंय का? मी ढगात आहे. इंधन संपत आलंय. दिशा द्या हो, फक्त दिशा द्या."

हे रोहेलियोनं पूर्वी ऐकलं होतं. शब्द न् शब्द तोच. त्या युद्धात शत्रूचं विमान असंच घिरट्या घालत होतं, रडार बंद ठेवण्याचा वरून हुकूम होता आणि आपलाच एक वैमानिक ढगात वाट चुकला होता. रोहेलियोनं हुकूम पाळला. तो आवाज कानात विनवत राहिला, मग थांबला. हे त्यानं जन्मात एकदाच बोलून दाखवलं होतं. बायकोला पुरून आले त्या दिवशी, स्वयंपाकघरात, नाहुएलला.

आवाज पोराचाच होता. बापाला कळणार नाही का! तरी त्याचा हात पुढे गेला, त्यानं रडार चालू केलं आणि तो दिशा सांगू लागला. दोन आकडे तोंडातून निघाले असतील नसतील, समोरचा स्क्रीन पांढरा झाला; शेवटचं क्षेपणास्त्र रडारवर येऊन पडलं होतं.

पलीकडे एकच जल्लोष झाला. नाहुएल पडदा सारून नाचतच आला. "काय बाबा, सापडलास की नाही! मला ठाऊकच होतं, तू चालू करणार."

"भन्नाट डोकं आहे रे तुझं," तानो म्हणाला. "सुचलं कुठून हे?"

नाहुएलनं एकदा बापाकडे पाहिलं. "असंच," तो म्हणाला. "सुचलं."

रोहेलियोनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"रागावलास काय? अरे बाबा, खेळ आहे हा!"

"खेळ आहे म्हणूनच चालू करता आलं," रोहेलियो म्हणाला.

नाहुएलचं हसू मावळलं. तो काहीतरी पुटपुटला, बापाचा कोट उचलून पुढे धरला. "चल, घरी सोडतो तुला."

रोहेलियोनं कोट त्याच्या हातातून काढून घेतला. पोराला इतकं दुखवायची इच्छा त्याला आजवर कधीच झाली नव्हती.

"तानो," तो म्हणाला, "तुझी गाडी आहे ना? मला सोड बाबा घरी. आणि वाटेत बोलू नकोस काही."