जायफळाचे वेढे

ऐका, मध्ये बोलू नका, परत सांगणं मला होणार नाही. सकीना, तू पण. माझ्या मंदाअक्काचं बाळ सर्दीने गेलं असं तुम्ही ऐकलंय ना? तिच्या सासरी, रावेरकडे, सगळे तेच सांगतात. सर्दीने नाही गेलं.

सर्दी होती, पण साधी. नाताळच्या सुट्टीत मी अक्काच्या सासरी गेले होते, तेव्हा बाळ दोन महिन्यांचं. थंडी अशी की केळीची पानं पिवळी पडलेली. बाळाचं नाक चोंदलं, मग त्याला अंगावर पिता येईना. दोन घोट घ्यायचं, सोडायचं, रडायचं. ताप नाही, काही नाही. पण अक्काची सासू, झुंबरबाई, त्या म्हणे सूनच केळीच्या ओल्या बागेत पाणी धरायला गेली होती, तिचं दूध गार झालं, ते पोराला बाधलं. अंगावरचं कमी करा, जायफळ द्या.

जायफळ कसं देतात माहितीये ना, सहाणेवर दुधाचा थेंब टाकून गोल फिरवायचं, एक फेरा म्हणजे एक वेढा. तान्ह्याला एक, फार तर दोन. नाक सुकतं, झोप लागते. आपल्याला सगळ्यांनाच दिलंय की.

दुसऱ्या दिवशी अक्का पाटावर कापडं धुवायला निघाली. मला म्हणाली, तू त्याच्यापाशीच बस, कोणी काही पाजलं तर मला सांग. ती गेली आणि सासूने माझ्यासमोर दोन वेढे दिले आणि शेतात गेली. मग शेजारून चुलत सासू आली, कमलबाई. बाळाच्या नाकाची घरघर ऐकून तिने अजून दोन दिले. मी म्हटलं, आत्ताच दिलंय, तर म्हणते, "ते गेलं व माय, कुठं पुरतं ते."

दुपारी बाळ उठलं आणि रडायला लागलं, थांबेच ना. अक्काचा पत्ता नाही. मला काय वाटलं सांगू? वाटलं, अक्का येईल तेव्हा बाळ गाढ झोपलेलं दिसलं पाहिजे, म्हणजे म्हणेल, माझी बहीण किती हुशार. मी सहाण घेतली. किती वेढे दिले माहीत नाही गं. मोजलेच नाहीत. वास छान यायला लागला, मी फिरवतच राहिले, मग चमच्याने पाजलं.

झोपलं. अक्का आली, तिने विचारलं, कोणी काही दिलं का? मी सासूचं सांगितलं, कमलबाईचं सांगितलं. माझं नाही सांगितलं.

अक्काने पाजायला घेतलं तर बाळ तोंडच उघडेना. सासू म्हणाली, झोपू दे, झोपेतच सर्दी उतरते. आणि वाटीतलं दूध चमच्याने त्याच्या तोंडात सोडलं. घशात गुरगुर झाली. दिवस कलला तेव्हा ओठ निळे पडले. गिरधरभाऊजी धावले, जळगावला निघालेला केळीचा ट्रक थांबवला. केबिनमध्ये आम्ही सगळे, बाळ अक्काच्या मांडीवर, ती वाटभर त्याचे तळपाय चोळत होती.

डॉक्टरांनी विचारलं, काय काय पाजलं? सासूने दोन वेढे सांगितले, अक्काने कमलबाईचे दोन सांगितले. डॉक्टर म्हणाले, चार वेढ्यांनी एवढी गुंगी येत नाही, आणखी काय दिलं? मग सासू अक्काकडे बोट करून म्हणाली, हिनेच दिलं असंल काही, हिला पोराचं रडणं सोसत नव्हतं. भाऊजींनी अक्काकडे पाहिलं.

"मंदे, खरं सांग."

अक्का नुसती बाळाकडे बघत होती. तिच्यावरच येत होतं गं सगळं. मी म्हटलं, मी दिलं. डॉक्टरांनी विचारलं, किती? म्हटलं, मोजलं नाही.

अक्का ओरडली नाही. हळूच म्हणाली, "मी तुला त्याच्यापाशी बसवून गेले होते."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत बाळ गेलं. गुंगीत दूध छातीत उतरलं, असं डॉक्टर म्हणाले. सर्दीला काहीच लागलं नसतं म्हणे. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब टाकायचे, ऊब द्यायची, आईचं दूध चालू ठेवायचं, आठ दिवसांत गेली असती. हे ते कोणाला सांगत होते कोण जाणे, कोणी ऐकतच नव्हतं.

गावी परतताना झुंबरबाईच म्हणाल्या, विचारलं तर छातीत सर्दी भरली म्हणायचं. त्यांचे पण दोन वेढे होते ना त्यात. भाऊजींनी मान डोलावली. अक्काने पण. माझ्या आईला अजून तेवढंच माहीत आहे.

परवा आबा अक्काला आखाजीच्या सणाला माहेरी आणायला गेले, एकटेच परत आले. आई विचारून विचारून थकली. मग मला गोठ्यात गाठून म्हणाले, "ती म्हणते, धाकटी घरात नसली तर येईन." का ते त्यांना माहीत नाही. त्यांनी विचारलंही नाही.

म्हणून मी उद्या सकाळच्या एस.टी.ने धुळ्याला मावशीकडे चाललेय. आईला सांगितलंय, शिवणाचा क्लास आहे. आबा उद्याच परत रावेरला जातील. तुम्ही झोका बांधा, अक्काला बोलवा, ती नाही म्हणेल तरी बसवा. आणि मी कुठे आहे ते तिला आपणहून सांगू नका.