आधी स्वयंपाकघरात, मग बाहेरच्या खोलीत

आमच्या घरात प्रत्येक आवाज दोनदा यायचा. आधी स्वयंपाकघरात, मग बाहेरच्या खोलीत.

स्वयंपाकघरात आईचा जुना ट्रान्झिस्टर होता. बाहेरच्या खोलीत पप्पांचा स्टीरिओ: ऊब धरणारा जड ॲम्प्लिफायर, लाकडी पेट्यांतले दोन स्पीकर, आणि निवृत्तीनंतर त्यांनी हौसेनं आणून जोडलेला डिजिटल ट्यूनर. दोन्हीकडे केंद्र एकच, पुण्याचं. पण ट्रान्झिस्टरवर ते थेट उतरायचं, आणि ट्यूनर मात्र आलेले आकडे आधी गोळा करायचा, त्यांतून आवाज घडवायचा आणि मगच, काही क्षणांनी, तोंड उघडायचा. म्हणून जगाची खबर आईला आधी लागायची. "कांदा पडला हो!" ती आतून ओरडायची. मग निवेदिका पप्पांना सांगायची की कांद्याचे भाव उतरले आहेत. मग पप्पा हातातला स्टीलचा पेला खुर्चीच्या हातावर दोनदा वाजवायचे. पोचलं, असा त्याचा अर्थ.

तोंडानं सांगणं त्यांना शक्य नव्हतं. मी कॉलेजात असताना घशाच्या कर्करोगानं त्यांचं स्वरयंत्र गेलं. तिसगावात ज्यांना सगळे कृपादान सर म्हणत, ज्यांच्या आवाजावर शाळेची प्रार्थना आणि रविवारची उपासना दोन्ही उभ्या असत, ते त्यानंतर गळ्यातल्या छिद्रातून नुसता श्वास घेत राहिले. कोरड्या पानावरून कुणी सावकाश हात फिरवावा, असा तो श्वास. या ऑक्टोबरमध्ये तोही थांबला.

मी रडले नाही. श्रीगोंद्याला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते; कविता शिकवताना मुलांना दुःखाच्या छटा समजावून सांगते. पण पप्पांच्या पेटीवर मूठभर माती टाकताना मला केवळ मातीचं कोरडेपण जाणवलं. लोक म्हणाले, स्टेला खंबीर आहे. खंबीरपणा नव्हता तो. जुना रेडिओ विझताना खरखरतो, विव्हळतो, कुठल्या तरी परक्या केंद्राच्या कुशीत शिरतो. डिजिटल ट्यूनर तसं काही करत नाही. तो पूर्ण असतो, नाहीतर नसतोच. मी नव्हते.

डिसेंबरात आईचा फोन आला. पुणे केंद्र नाताळच्या आठवड्यात जुनी ध्वनिमुद्रणं पुन्हा लावणार होतं, आणि निवेदिकेनं सांगितलेल्या नावांत तिसगावच्या भजनीमंडळाचं नाव होतं. ते ध्वनिमुद्रण मी पाळण्यात असतानाचं. त्यात पप्पांनी एकट्यानं म्हटलेलं गव्हाणीचं भजन होतं, ओवीच्या चालीवरचं. घरी त्याची एक कॅसेट होती. तिला बुरशी लागून फितीचे वेढे केव्हाच एकमेकांना चिकटले होते. ज्या काळात पप्पांना आवाज होता त्या काळात आमच्याकडे तो साठवणारा फोन नव्हता, आणि फोन आला तेव्हा साठवायला आवाज उरला नव्हता. तेव्हा जगात त्यांचा आवाज म्हणून जे काही शिल्लक होतं, ते हेच, आणि ते एकदाच वाजणार होतं.

मी रजा टाकून आले. "मोबाईलवरही लागेल गं ते," मी म्हटलं.

"नको," आई म्हणाली. "त्या फोनवर दिवसभर कर्ज हवंय का म्हणून विचारणारी माणसं बोलतात. ह्यांच्या पेटीतूनच ऐकू. तू फोन समोर ठेव आणि भरून घे, म्हणजे झालं."

त्या आवाजाकडून माझी एक अपेक्षा होती, ती मी आईला सांगितली नाही. मला वाटत होतं, तो ऐकताच माझ्या आत काहीतरी सुरू होईल.

दुपारी शेजारच्या लंकाबाई हरभऱ्याची भाजी घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या.

"रोझीबाई, औंदा नाताळाची चांदणी लावली न्हाई व्हय?"

"दुःखाचं वर्ष आहे, लंकाबाई. आमच्यात नाही लावत."

"आन् सर आज रेडिओत येनार म्हन्ता! दुख हाय म्हनून त्यांनी अंधारात चाचपडत यायचं का? आमच्या सुनीलला इचारा, रातीच्याला एस्टीतून उतरला की सरांची चांदणी बघूनच वळायचा. न्हाईतर त्यो दुसऱ्याच्याच घरात जाऊन जेवल."

आई किती दिवसांनी हसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "लाव. पण जुनी फाटलीये."

मी बाजारातून नवी कागदी चांदणी आणली. आत बल्ब नव्हता. बारीक दिव्यांची माळ होती आणि तिला हलकासा अडॅप्टर. पप्पा दरवर्षी बांधत त्याच खिळ्याला मी ती बांधली, खिडकीशेजारी, जिथून ट्यूनरच्या एरियलची तार वर जात होती.

संध्याकाळी आम्ही बाहेरच्या खोलीतली ट्यूब मालवली. तो पप्पांचा शिरस्ता होता. ट्यूनर लावण्यापूर्वी ते उठून दिवा घालवत आणि अंधारात ऐकत बसत. आईला वाटे, ते प्रार्थना करतात. शेजाऱ्यांना वाटे, गळ्याचं छिद्र कुणाला दिसू नये म्हणून. मी त्या अंधारावर एक कविता लिहिली होती आणि ती कॉलेजच्या अंकात छापूनही आली होती. पप्पांनी ती वाचून माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं पाहिलं होतं.

ट्यूनरच्या निळसर पट्टीवर केंद्राचं नाव उमटलं. निवेदिकेचा आवाज इतका स्वच्छ होता की तिनं पान उलटल्याचंही कळलं. मी फोन स्पीकरसमोर ठेवला. आई चहा ठेवायला आत गेली. तिचा ट्रान्झिस्टर तिथे सुरूच होता. पुढचं भजन तिसगावचं, असं आतून ऐकू आलं, आणि काही क्षणांनी तेच माझ्यासमोर.

"पोरी!" अंगणातून लंकाबाईंची हाक आली. "चांदणी पेटव की! सर येऊन दारातच हुबं ऱ्हायचे!"

मी बटण दाबलं. खिडकीतून तांबडा उजेड खोलीत आला, पप्पांच्या रिकाम्या खुर्चीवर पडला. आणि स्पीकर गप्प झाले.

खरखर नाही, विव्हळणं नाही. पट्टीवरचं नाव पुसलं गेलं. त्याच वेळी स्वयंपाकघरात, डबीत गांधीलमाशी कोंडल्यासारख्या गुणगुणीखालून, एक पुरुषी आवाज चढू लागला.

आई धावत बाहेर आली. मी तिला दोष देत नाही. या घराची रीतच तशी होती. आत जे धूसर येतं ते बाहेर पुन्हा येणार, स्वच्छ, भरदार, हे तिला इतक्या वर्षांच्या सवयीनं ठाऊक होतं. पहिला शब्द ऐकताच हातातली सांडशी टाकून ती दुसऱ्या आवाजासाठी येऊन उभी राहिली होती. पदराला हात पुसत, चेहरा स्पीकरकडे करून.

"आला ना?" ती म्हणाली. "आता इथे येईल."

इथे काही आलं नाही. मी एरियलची तार हलवली, मागची पिन काढून पुन्हा बसवली, ट्यूनर बंद करून चालू केला. आतल्या खोलीतला आवाज भिंतीतून नुसती चाल होऊन येत होता; शब्द गुणगुणीत बुडाले होते. चार पावलांवर ट्रान्झिस्टर होता. आम्ही दोघी तिकडे गेलो नाही. गेलो असतो आणि तेवढ्यात इकडे सुरू झालं असतं तर?

मग आईनं खुर्चीवर पडलेला तांबडा उजेड पाहिला. बराच वेळ पाहिला.

"दिवा घालव," ती हळूच म्हणाली. "स्टेला, दिवा घालव. ते दिवा घालवायचे."

मी बटणाकडे झेपावले. चांदणी विझली, खोली पुन्हा काळी झाली. आतली गुणगुण तत्क्षणी थांबली आणि त्या निखळ शांततेत स्वयंपाकघरातलं भजन संपलं. पेटीचा शेवटचा सूर तेवढा ऐकू आला, मग निवेदिका काहीतरी बोलू लागली.

"गेलं," मी म्हटलं. मला काहीच वाटलं नाही.

आईनं माझा दंड धरला. "थांब. इथे अजून व्हायचंय."

पट्टीवर केंद्राचं नाव हळूहळू उमटलं. दिव्याच्या विजेची गुणगुण ट्यूनरला मुकं करायची; पप्पांचा अंधार एवढ्यासाठीच होता. स्पीकर उघडले. भजनाचा शेवटचा शब्द निम्माच आला, खर्जातला, मग पेटीचा सूर, आणि तो विरताना मायक्रोफोनजवळ कुणीतरी श्वास घेतला. लांब, नाकातून घेतलेला, धडधाकट माणसाचा श्वास. मग निवेदिका इथेही बोलू लागली.

निम्मा शब्द आणि एक श्वास. फोनमध्ये तेवढंच भरलं गेलं. त्याआधी नुसतीच आमची धावपळ. शब्द मी ओळखला नाही. श्वास मात्र लगेच ओळखला, जरी तो वेगळ्या वाटेनं आला होता.

आई चाचपडत पप्पांच्या खुर्चीत बसली. तिपाईवरचा पेला तिच्या हाताला लागला. तिनं तो खुर्चीच्या हातावर वाजवला, एकदा, आणि जरा थांबून पुन्हा एकदा.

बाहेरून लंकाबाई विचारत होत्या, "अगं, चांदणी का घालवली?"

आत चहा उतू गेल्याचा वास येत होता. निवेदिका पुढच्या गावाचं नाव दुसऱ्यांदा सांगत होती. आम्ही दोघीही उठलो नाही.