ओपलची सळई

ओपल ड्रेनननं नर म्हटलं की नर, मादी म्हटलं की मादी. अमेरिकेतल्या टल्सा शहराच्या आसपास साप पाळणाऱ्यांपैकी कुणी तिच्यानंतर दुसऱ्याला विचारायला जात नसे. शेपटीच्या मुळाशी असलेल्या छिद्रात बारीक सळई हलकेच आत सारायची. मादीत ती लगेच अडते, नरात खोल जाते. ऐकायला सोपं, पण सगळी मदार बोटांवर. रेटा जरा जास्त झाला की मादीही नर ठरते, वर तिला इजा होते ती वेगळीच.

मे महिन्यातल्या एका सकाळी व्हर्लिन नावाचा वेल्डर उशीचा अभ्रा घेऊन तिच्या स्वयंपाकघरात आला. अभ्र्यात त्याचा लाडका साप होता, कर्नल.

"मिस ओपल, याचं पोट पार गच्च झालंय. तीन आठवडे उंदराकडे ढुंकून बघत नाही. तीन दिवस कोमट पाण्यात ठेवून पोट चोळतोय, पण ढिम्म फरक नाही."

"चोळतोयस? का?"

"शीच्या गाठी आहेत ना, त्या खाली सरकवायला."

ओपलनं कर्नलला हातावर घेऊन पोटावरून अंगठा फिरवला. "कसल्या गाठी? मला तर एकही लागत नाही."

व्हर्लिन हसला. "माझी फिरकी घेताय होय? अहो, इथून दिसतायत. तुमचा अंगठाच एकीवर आहे."

ओपलनं चष्मा लावला. खरंच, एका ओळीत फुगवटे होते आणि तिचा अंगठा बरोबर तिसऱ्यावर टेकला होता. अंगठ्याला पत्ताच नव्हता. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापासून बोटं बधिर होती. साखरेचा त्रास जुना, होईल बरं म्हणून तिनं डॉक्टरलाही सांगितलं नव्हतं. तिनं शेपूट पाहिलं. आखूड, मुळापासूनच निमुळतं. हे तर पोरंटोरंही ओळखतील.

"याच्याबरोबर काचेच्या पेटीत कोण असतं?"

"बस्टर. दोघे नर, तुम्हीच तर जानेवारीत सांगितलंत. म्हणून एकत्र ठेवले."

"चोळणं बंद कर, व्हर्लिन. ही मादी आहे. पोटात अंडी आहेत."

व्हर्लिन खुर्चीत बसला. त्यानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "मी तीन दिवस दाबत होतो, मिस ओपल. फुटली असतील?"

"मला कळत नाही रे. जनावरांच्या डॉक्टरकडे ने, आत्ताच्या आत्ता."

"एकदा सळई घालून खात्री तरी करा."

"अंडी असताना सळई घालायची नसते. आणि मी तर आता कधीच घालणार नाही."

व्हर्लिन उठता उठता थबकला. "मग माझ्या बहिणीचे चार साप? आणि आपल्या साप पाळणाऱ्यांच्या क्लबातले?"

"सगळे," ओपल म्हणाली. "जायच्या आधी क्लबला फोन तेवढा लावून दे. माझ्या बोटांनी नंबर धड लागत नाही."

त्यानं लावून दिला. पलीकडून कुणीतरी हसत तिची ख्यालीखुशाली विचारली, पण तिनं ते बोलणं मध्येच तोडलं.

"मी ओपल बोलतेय. थँक्सगिव्हिंगनंतर मी नर म्हटलेला एकही साप नर धरू नका. माझ्या बोटांना काही कळत नाही. सगळ्यांना फोन करा. आणि कुणी पोट चोळत असेल, तर त्याला सगळ्यात आधी करा."