चौथं ताट

आमच्या शाळेत दर फेब्रुवारीत मैत्रीचा आठवडा असतो. भिंतींवर जगभरचे झेंडे लागतात, पोरं रंगीत कागदाचे हात कापून एकमेकांत गुंफतात, मुख्याध्यापक भाषण ठोकतात. एकतीस वर्षं मी हे मुकाट्याने बघत आलेय. कागदाच्या हातांनी कुणाची मैत्री झालेली मी तरी पाहिली नाही. म्हणून माझ्या वर्गात मी नाहरिनची गोष्ट सांगते. तिच्यात माझी चांगलीच शोभा होते, पण पोरं मन लावून ऐकतात.

साल शहात्तर. मी नऊ वर्षांची. उत्तरेकडच्या थंड देशातल्या आमच्या सॉदरतेल्ये गावात, कारखान्याजवळच्या वसाहतीत, आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो, आई, बाबा आणि मी. वरच्या मजल्यावर तुर्कस्तानातून आलेलं एक सुरियानी ख्रिस्ती कुटुंब राहायला आलं. आजी धरून सात माणसं. त्यातली नाहरिन माझ्याच वर्गात बसायची. चार महिन्यांत तिने आमची भाषा उचलली, आणि त्यातल्या शिव्या सगळ्या माझ्याकडून! असं आमचं मेतकूट जमलं.

माझ्या आईला ती ‘मावशी’ म्हणायची. आमच्याकडे शाळेतल्या बाईंनासुद्धा पोरं नावाने हाक मारतात. आईचं नाव सोल्वेग. “मी हिची मावशी कधी झाले?” असं ती बाबांना म्हणायची, पण नाहरिनला तिने कधी टोकलं नाही.

आमच्याकडे संध्याकाळी पाचच्या ठोक्याला जेवण. दर गुरुवारी, म्हणजे नाहरिन खेळायला यायची त्या दिवशी, पिवळ्या वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक, त्यावर स्ट्रॉबेरीचा जॅम. खोलीत आम्ही दोघी खेळत असलो की आईची हाक यायची, “ईल्वा, जेवायला ये!” मी उठून जायची. नाहरिन खोलीतच थांबायची, चित्रकथांची पुस्तकं चाळत. अर्ध्या तासाने तोंडाला जॅम लागलेली मी परत यायची आणि आमचा डाव पुढे सुरू व्हायचा.

आता हे सांगताना पोरं ‘काय?’ म्हणून ओरडतात. पण तेव्हा घरोघरी हेच होतं. दुसऱ्याच्या पोराला जेवू घालायचं म्हणजे त्याच्या आईने रांधलेलं वाया घालवायचं, वर तिला स्वतःचं पोर पोसता येत नाही असं सुचवायचं. माझी आई दुष्ट नव्हती हो. ती रीत पाळत होती, आणि रीतीच्या बाबतीत ती फार काटेकोर होती.

एका शनिवारी मी पहिल्यांदा वर नाहरिनकडे खेळायला गेले. दुपारी तिच्या आजीने जमिनीवर मोठं कापड अंथरलं. द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात, वांगी, दही, गरम रोट्या! माझ्या तोंडाला पाणी सुटलं. पण मी वळणाची मुलगी. मी उठले, आतल्या खोलीत गेले आणि त्यांना अवघडायला नको म्हणून दारही लावून घेतलं.

नाहरिन आली. “अगं, चल ना!”

“नको, मी थांबते. तुमचं होऊ दे निवांत.”

मी तिथे बसून राहिले. बाहेर भांड्यांचा आवाज नाही, बोलणं नाही. मनात म्हटलं, ही माणसं किती शांतपणे जेवतात. पाऊण तास झाला. मी त्यांचं आटोपायची वाट बघत होते, आणि बाहेर सात माणसं ताटांसमोर बसून माझी वाट बघत होती. पाहुणा आत उपाशी असताना त्या घरात घास कुणी तोंडात घालणं शक्यच नव्हतं.

शेवटी दार उघडलं. नाहरिनच्या मागे आजी उभी होती, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेली.

“आजी विचारतेय, आमच्या अन्नाची तुला किळस येते का?”

मी घाबरून गेले. “छे गं! तुम्ही जेवताना मी कशी येऊ? आमच्याकडे तूसुद्धा खोलीतच बसतेस ना!”

माझं बोलणं तिने आजीला सांगितलंच नाही. पण दारात तिची आई होती, आणि आईला आमची भाषा तेवढी कळत होती. तिने नाहरिनला काहीतरी विचारलं. नाहरिन रडायला लागली.

रडत तिने आईला काय सांगितलं ते मला सोमवारी शाळेत कळलं. दर गुरुवारी ती घरी सांगायची, ईल्वाच्या आईने मला पोटभर पॅनकेक घातले. मग तिच्या वाटणीचं भावंडं संपवायची, आणि ही उपाशी झोपायची.

“खोटं कशाला सांगितलंस?” मी विचारलं.

“खरं सांगितलं असतं तर तुझ्याकडे येऊ दिलं असतं का मला?” ती म्हणाली. “आणि तुझ्या आईला नावं ठेवली असती सगळ्यांनी. मला ते नको होतं.”

“आता येशील ना?”

“आई म्हणते, खेळायला जा, पण त्या घरात पाण्याचा घोटही घ्यायचा नाही.”

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं आणि वर भांडले. आई बटाटे सोलत होती. “तिची आई स्वयंपाक करत असणार, असं मला वाटायचं,” ती म्हणाली. “करतेच ना. पण नाहरिन जेवत नव्हती!” मी किंचाळले. एकच बटाटा आई किती तरी वेळ सोलत राहिली.

गुरुवारी मी टेबलाकडे गेले तर तिथे चार ताटं होती. स्वयंपाकघरातल्या उंच स्टुलावर उशी ठेवून चौथी जागा केली होती. आई स्वतः खोलीच्या दाराशी गेली. “नाहरिन, ये, जेवायला बस.”

“मी जेवून आलेय, मावशी,” नाहरिन म्हणाली आणि आतून तिने हळूच दार लावून घेतलं.

ती जेवून आलेली नव्हती. शाळेतून आम्ही थेट घरी आलो होतो, हे आईलाही ठाऊक होतं. आई बंद दारासमोर उभी राहिली. माझ्या आईला इतकं हरलेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, संपलं. आज हे दार असंच राहिलं तर पुढच्या गुरुवारी नाहरिन येणार नाही, आणि मग कधीच येणार नाही.

मी माझं ताट उचललं. आमच्या घरी टेबल सोडून खायला सक्त मनाई होती, बिस्किटसुद्धा नाही. मी दार उघडून आत गेले आणि नाहरिनशेजारी जमिनीवर फतकल मारून बसले, त्यांच्याकडे बसतात तशी. ताट आमच्या मध्ये ठेवलं. मीही खाल्लं नाही.

“खा ना,” ती म्हणाली.

“तू खाल्ल्याशिवाय नाही. पाऊण तास बसेन. मला सवय आहे.”

ती फिस्सकन हसली. मग पॅनकेकचा तुकडा तोडून तिने आधी माझ्या तोंडात घातला, मग स्वतःच्या. गालिच्यावर जॅम सांडला. दारातून आई बघत होती. ती आत आली, चौथं ताट आमच्यापुढे ठेवलं आणि सांडलेलं न पुसता निघून गेली.

त्यानंतर दर गुरुवारी चौथं ताट मांडलं गेलं. पण आईने त्या आधीच्या गुरुवारांबद्दल नाहरिनची कधी माफी मागितली नाही. तिला तसलं बोलायला जमायचंच नाही.

वर्गातल्या पोरांसाठी गोष्ट इथे संपते. यंदाचं अजून त्यांना सांगितलेलं नाही.

आई आता अठ्ठ्याऐंशीची आहे, वृद्धाश्रमात असते. तिला माझं नाव आठवत नाही. गेल्या महिन्यात तिने संध्याकाळचं जेवण सोडलं. ताट आलं की म्हणायची, “आत ती पोर बसलीय. आधी तिला बोलवा.” तिथे काम करणाऱ्या मुलींनी समजावलं, आत कुणी नाही, तिच्या निजायच्या खोलीचं दार उघडून दाखवलं. आई तोंड मिटून बसायची. दहा दिवसांत ती अगदी वाळून गेली. मी घाबरून नाहरिनला फोन केला.

नाहरिन गावात दातांची डॉक्टर आहे, दोन नातवंडांची आजी आहे. तिने दवाखाना बंद केला आणि आली. पाच वाजायच्या आधी ती आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

ताट आलं. आईने दाराकडे बघितलं. “आत ती पोर...”

“तूच बोलाव ना,” मी म्हणाले.

“ए पोरी,” आईने हाक मारली, “बाहेर ये. जेवायला चल.”

दार उघडलं. पिकल्या केसांची नाहरिन बाहेर आली आणि खुर्ची ओढून आईशेजारी बसली. “आले, मावशी. खूप भूक लागलीय.”

आईने आपलं ताट तिच्याकडे सरकवलं. “किती वेळ बसवलं गं तुला,” ती म्हणाली. मग दोघी त्या एका ताटात जेवल्या.