यंदाची संत्री

"बाई, बोट काढा तिथून! नाहीतर भिंतीबरोबर तुमच्या बोटालाही भोक पडेल."

टेलिफोन बसवायला आलेला माणूस माझ्यावर खेकसला. आनंदाच्या भरात मी त्याला भिंतीवरची नेमकी जागा बोट टेकवून दाखवत होते. माझ्या नवऱ्याने फोनसाठी अर्ज केला होता. बिचारा वाट बघून बघून गेला आणि फोन आता आला. आमच्या पूर्व जर्मनीत, झ्विकाऊत, अशीच रीत. म्हणून तर प्रत्येकाच्या दारावर कागदाची सुरळी आणि दोरीला बांधलेली पेन्सिल लटकते. घरी कोणी नसलं तर आलेला माणूस निरोप खरडून जातो.

"नशीब काढलंत," तो माणूस भोक पाडता पाडता म्हणाला. "या जिन्यात एकच तार आहे, तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांची. ती मोकळी झाली, म्हणून तुमची सोय लागली."

माझा आनंद जागच्या जागी विरला.

डॉक्टर लिंडनर आणि त्यांची बायको उन्हाळ्याच्या शेवटी हंगेरीला सुट्टीवर म्हणून गेले आणि सीमेवर पकडले गेले. तिथून पलीकडे, पश्चिमेत पळून जाणार होते. निघायच्या आदल्या दिवशी बाई त्यांचं रबराचं झाड माझ्याकडे ठेवायला आल्या. सुट्टीला निघालेलं माणूस झाडाच्या पानांवरून हात फिरवत रडतं का? मी काय ते समजले. आणि समजलेलं एकाच माणसाजवळ बोलले, गुड्रूनजवळ.

गुड्रून आणि तिचा नवरा होर्स्ट माझ्या समोरच्या दारात राहतात. मी मागच्या अंगणातलं रूळघर चालवते. आसपासचे लोक धुतलेल्या चादरी आणतात, मी त्या तापलेल्या रुळांमधून काढून कडक करून देते. पण आधी चादर दोघींनी चार कोपरे धरून ताणावी लागते, एकटीचं ते काम नाही. दर गुरुवारी गुड्रून समोरची टोकं धरायची आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. यंत्राच्या खडखडाटात बाहेर काही ऐकू जात नसे, म्हणून सरकारविरुद्धही बोलता यायचं.

"क्यूबाची संत्री आलीत म्हणे दुकानात," गेल्या नाताळात ती म्हणाली होती. "अगं रोझी, खायची की चपलेला तळ म्हणून ठोकायची? होर्स्टची कवळी रुतून बसली त्यात! आणि वर आमचा कारखान्याचा साहेब भाषण ठोकतो, कुठे काही कमी नाही म्हणून. मेल्याला एक संत्रं चावायला द्या!"

आम्ही इतक्या हसलो की चादर हातातून सुटून जमिनीवर पडली. पुन्हा धुवावी लागली.

तर अशी ही गुड्रून. फोनचा माणूस गेला आणि ती जिन्यात उभी दिसली. तिसऱ्या मजल्यावरून माझ्या दारापर्यंत आलेली तार ती निरखत होती. तिचा आणि होर्स्टचा अर्ज आमच्याही आधीचा होता.

"डॉक्टरांचीच ना गं ही तार?"

"अगं, मला काय ठाऊक! तो माणूस आला आणि—"

"नाही नाही, मी आपलं सहज विचारलं."

सहज! पस्तिशीपासून ओळखते मी तिला. ती सहज काही विचारत नाही.

त्या गुरुवारी ती आली नाही. पुढच्याही नाही. दारावरची सुरळी कोरीच राहिली. तळमजल्यावरच्या त्सशोखे आजोबांनी टोपी उचलून "अभिनंदन, कुनर्टबाई. काहींचं नशीब भलतंच जोरात असतं," असं म्हटलं आणि दार लावून घेतलं. मी डॉक्टरांची खबर दिली आणि बक्षीस म्हणून फोन मिळवला, असं सगळे धरून चालले होते. नाही म्हटलं असतं तर खाई त्याला खवखवे म्हणून मोकळे झाले असते. फोन तर वाजतच नव्हता. मला फोन करायला इमारतीत दुसऱ्या कोणाकडे होता तरी कुठे?

आणि खरं सांगू? मलाही झोप लागेना. मी तर पोलिसांजवळ काही बोलले नव्हते. मग बोललं कोण? झाडाची गोष्ट गुड्रूनशिवाय कोणालाच ठाऊक नव्हती. छे! असेल, लिंडनरबाईंनी आणखी कुठे डोळे पुसले असतील. पण शंका म्हणजे पिठातला किडा. एक दिसला की सगळं पीठ चाळावंसं वाटतं.

शेवटी मी टपाल कचेरीत गेले. म्हटलं, न्या तुमचा फोन परत. खिडकीतल्या बाईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "लोक फोनसाठी जीव टाकतात आणि तुम्ही परत करताय? का बरं? कोणाची भीती वाटते तुम्हाला?" मागे रांगेतली माणसं माना उंचावून बघू लागली. मी "गंमत केली हो" म्हणत बाहेर पडले.

डिसेंबरातला रविवार होता. दुपारी समोर धाडकन काहीतरी पडलं आणि गुड्रून किंचाळली, "होर्स्ट!" मी दार उघडलं तर ती घरातल्या सपाता घालून जिना उतरत होती. पूर्वी असं झालं असतं तर डॉक्टरच धावत खाली आले असते.

"गुड्रून! आत ये, इथून फोन कर!"

ती पायरीवर थबकली. तिने माझ्याकडे बघितलं, मग त्या तारेकडे.

"नको, नको. कोपऱ्यावरून करते."

कोपऱ्यावरच्या सार्वजनिक फोनचा कानाचा भाग कोणीतरी कधीच तोडून नेला होता. अख्ख्या गल्लीला माहीत होतं, तिलाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "अगं मेले, नवरा जातोय तिकडे!" असं ओरडत मी आत धावले आणि स्वतःच रुग्णवाहिका बोलावली. मग होर्स्टचा गार हात धरून त्याच्याजवळ जमिनीवर बसले. गुड्रून परत आली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. खाली रुग्णवाहिकेचा भोंगा वाजला आणि फोन कोणी केला ते तिला कळलं.

होर्स्ट वाचला. नाताळच्या आधी घरी आला.

नंतरच्या गुरुवारी गुड्रून चादरी घेऊन रूळघरात आली. फडक्यात बांधलेला मनुकांचा केक तिने खिडकीत ठेवला. "तुझ्यामुळे घरी आला तो," म्हणाली. मी यंत्र सुरू केलं, नेहमीचा खडखडाट झाला. तिने समोरची टोकं धरली. मी वाट बघत होते, आता तोंड सोडेल. साहेबाला शिव्या घालेल, होर्स्टच्या कवळीवर हसवेल, नाहीतर मलाच विचारेल, सरळ, तोंडावर, तू केलंस का ते? विचारलं असतं तर मी तिच्या गळ्यात पडले असते.

"आमच्या कारखान्यात छान चाललंय सगळं," ती म्हणाली. खडखडाटावरून बाहेरही ऐकू जाईल अशा मोठ्या, स्पष्ट आवाजात. "आणि यंदाची संत्री फार गोड आहेत हं, रोझी."

मी तिच्याकडे बघत राहिले. ती चादरीकडे बघत होती.

"हो," मी म्हटलं. "फार गोड आहेत."

मग घडी घालायला आम्ही दोघी पुढे झालो. टोकाला टोक लागलं, तिने तिच्याकडचे कोपरे माझ्या हातात दिले आणि दुसरी चादर उचलायला वळली.